तीन महिन्यांची मुदत

कुरियरचं खोकं उघडून त्याने दाराचं रबर बाहेर काढलं, सवयीने नाकाशी नेलं, आणि तो थबकला. रबराला वासच नव्हता. कपडे धुण्याच्या यंत्राच्या गोल काचेच्या दाराभोवती बसते ती राखाडी, चुणीदार रिंग. कंपनीच्या खरेदी विभागात चौदा वर्षं काढताना अशा हजारो रिंगा त्याच्या हातांखालून गेल्या होत्या, आणि प्रत्येकीला तो वास होता: गंधकाचा, तापलेल्या लोखंडाचा, थोडासा कुजक्या अंड्याचा. त्याने उठून केबिनचं काचेचं दार लावून घेतलं, जणू काही भलतंच करणार होता, आणि पुन्हा हुंगून पाहिलं. काही नाही. विसळून पालथ्या घातलेल्या ताटाला असतो तेवढाही नाही. खोक्यावर कुठल्या तरी तिसऱ्याच देशाचा पत्ता होता आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: नमुना, विक्रीसाठी नाही. रिंग दोन्ही हातांनी ताणून सोडली तर ती आवाज न करता जागच्या जागी आली. चांगली होती. हातात धरल्याबरोबर कळावं इतकी चांगली होती. त्याला काहीतरी वाटून गेलं. ते वाईट वाटणं असावं असं त्याने धरून घेतलं आणि रिंग परत खोक्यात ठेवली.

कारण दाराचं रबर म्हणजे मामा. गेली पंधरा वर्षं कंपनीच्या प्रत्येक यंत्राला लागणारं हे रबर त्याच्या सख्ख्या मामाच्या शेडमधून येत होतं. शहराच्या जुन्या भागात, गॅरेज आणि सुतारांच्या दुकानांमध्ये चेपून बसलेली ती पत्र्याची लांबट शेड, तीन प्रेस, नऊ माणसं, आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. त्याचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई त्याला आणि एका ट्रंकेला घेऊन त्या दोन खोल्यांत राहायला आली ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. तेव्हा मामा चपलांचे तळवे करायचा, सायकलच्या पॅडलची रबरं, गॅसच्या नळ्या, कुणी मागेल ते. खालचा वास जिन्याने वर यायचा, उशीत शिरायचा, वह्यांत शिरायचा. शाळेत त्याला ‘टायर’ म्हणायचे. तो साबणाने कोपरं घासघासून सोलून काढायचा आणि मामा कौतुकाने म्हणायचा, पोरगं किती टापटिपीचं आहे बघा.

कंपनी या शहरात आली ती काही शहरावर जीव जडला म्हणून नव्हे. बाहेरून तयार यंत्र आणायचं तर बंदरावर इतकं शुल्क बसायचं की लोकांनी ते यंत्र नुसतं चित्रातच पाहिलं असतं. इथे कारखाना काढायचा तर सरकारची अट: निम्म्याहून जास्त भाग इथल्याच माणसांकडून घ्यायचे. मग परदेशातले साहेब गाड्या घेऊन गल्लीबोळांतून हिंडू लागले, कोण काय बनवतं ते बघत. मामाच्या शेडमध्ये एक उंच इंजिनियर वाकून आत शिरला आणि वाकूनच दीड तास उभा राहिला. पहिल्या खेपेला शंभर रिंगा नेल्या आणि शंभरच्या शंभर परत आणून टाकल्या. दुसऱ्या खेपेला अठ्ठ्याण्णव. मामाने रागावून साचा फेकला नाही की हात जोडले नाहीत, त्याने त्या उंच माणसाला विचारलं, “काय चुकतंय ते दाखवा.” तो दाखवत राहिला. किती तापलं की टाकायचं, किती मिनिटं शिजवायचं, दर तासाला भिंतीवरच्या तक्त्यावर आकडा लिहायचा. मामाला त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला मामाची, पण दोघं प्रेसच्या दोन बाजूंना उभे राहून तासन् तास बोलायचे, आणि आश्चर्य म्हणजे समजायचं. सहा महिन्यांनी रिंगा परत यायच्या थांबल्या. जाताना त्या माणसाने मामाला विचारलं, आणखी काही हवं का? मामा म्हणाला, माझा भाचा शिकून बसलाय. असा तो कंपनीत लागला. त्याचं टेबल, त्याची खुर्ची, त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र, सगळं त्या एका वाक्यातून आलेलं. मामाने ते पुन्हा कधी बोलूनही दाखवलं नाही. तेच तर होतं. मामाने आयुष्यात कधी काही बोलून दाखवलं नाही.

दुपारी वरच्या साहेबांनी बोलावलं. त्यांना सगळे मागून ‘दीडवाक्ये’ म्हणायचे, कारण ते एक वाक्य पुरं बोलायचे आणि दुसरं अर्ध्यावर सोडायचे; उरलेलं समोरच्याने ओळखायचं, आणि चुकलं तर ते समोरच्याचं. “पहिल्या तारखेपासून शुल्क शून्य होतंय,” दीडवाक्ये म्हणाले, “आणि ती निम्म्या भागांची अटही—” त्यांनी हाताने हवा बाजूला सारली. करार झाला होता. देशांची दारं एकमेकांना उघडली होती. कंपनी जाणार नव्हती, उलट मोठी होणार होती: नवी शेड, नवी लाइन, इथली यंत्रं जहाजांवर चढून बाहेर विकायला जाणार. फक्त आता भाग जिथे चांगले आणि स्वस्त मिळतील तिथून येणार. त्याच्या टेबलावर बारा भागांचे बारा फॉर्म येऊन पडले. प्रत्येकावर शेवटचा रकाना तोच: सध्याच्या पुरवठादारास सुधारणेसाठी तीन महिन्यांची मुदत द्यावी का? होय. नाही. शिफारस करणाऱ्याची सही.

तपासणीच्या खोलीत एक यंत्र दिवसभर दार उघडायचं आणि आपटायचं, उघडायचं आणि आपटायचं. कारखान्यात त्याला ‘मुस्काटात मारणारं’ म्हणत. इतकी वर्षं दहा हजार आपटण्या सोसल्या की रबर पास व्हायचं. देशातल्या गिऱ्हाइकाला तेवढं पुरे होतं, कारण नाही पुरलं तरी तो दुसरीकडे जाणार कुठे? आता यंत्रं बाहेर जायची, तर तिथली अट पंधरा हजारांची. परदेशी नमुन्याने अठरा हजार सोसल्या आणि तो तसाच राहिला. पाच दिवसांनी तपासणीवाल्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. त्या रबराच्या तुकड्यासारख्याच होत्या, वाकत पण तुटत नसत.

“तुमच्या मामांचं अकरा हजार आठशेला चिरलं,” त्या म्हणाल्या.

“मामांचं नाही. पुरवठादार क्रमांक सतराचं.”

“बरं, सतराचं.” त्यांनी चिरलेली रिंग उजेडात धरली. “पण माल वाईट नाही हो. भर म्हणून पांढरी भुकटी जास्त पडतेय, आणि शिजवताना दोन मिनिटांची घाई होतेय. मिश्रण बदललं, वेळ वाढवला, की पंधरा हजार आरामात जाईल. मी लिहून देते त्यांना. तीन महिने द्या नुसते.”

“बघतो,” तो म्हणाला.

“त्यात बघायचंय काय? रकानाच आहे की तेवढ्यासाठी.”

यंत्राने दार आपटलं. त्याने मान डोलावली आणि तो बाहेर पडला. कॉरिडॉर धुतला होता, फरशीवर पाण्याचा पातळ थर होता, त्यातून चालताना बुटांचा चुबुक-चुबुक आवाज येत होता आणि त्या आवाजाने त्याला विनाकारण आई आठवली. आई मामाच्या घरात कधी खुर्चीवर नीट बसली नाही. पुढच्या कडेवर बसायची, उठायला तयार. ताटात पहिल्यांदा वाढलं तेवढंच जेवायची. कुणी तिला कमी लेखलं नव्हतं, मामी तर तिला थोरल्या बहिणीसारखं वागवायची. मामी कजाग असती तर बरं झालं असतं, भांडायला काहीतरी मिळालं असतं. पण त्या घरात टोचायला काही नव्हतं, सगळं मऊ होतं, आणि त्या मऊपणात आई अकरा वर्षं हळूहळू लहान होत गेली. वारा आला तर ती खिडकीपाशी जाऊन उभी राहायची आणि आतल्या खोलीकडे बघून विचारायची, “खिडकी लावू का गं?” अकरा वर्षं. एकदाही न विचारता तिने ती खिडकी लावली नाही. मामी आतून म्हणायची, “अहो ताई, विचारता काय, तुमचंच घर आहे,” आणि आई हसायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची. तो अभ्यासाचं पुस्तक समोर धरून ते ऐकायचा. त्याचे कान तापायचे. कुणावर रागवायचं हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

संध्याकाळी घरी बायको पेपर तपासत बसली होती. ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची आणि परीक्षेच्या दिवसांत सगळं घर उत्तरपत्रिकांखाली जायचं. “हे ऐक,” तिने लाल पेन उचलून धरलं. “प्रश्न: व्यापार खुला असण्या-नसण्याने परकीय गुंतवणुकीचा विकासावरचा परिणाम कसा बदलतो? उत्तर: परिणाम काही वेळा होतो व काही वेळा होत नाही. झालं. पुढचं पान कोरं.”

“किती दिलेस?”

“अर्धा. चूक नाही, पण उत्तरही नाही.”

तो हसला नाही तेव्हा तिने वर पाहिलं. “मग उत्तर काय आहे?” त्याने विचारलं. मोजे काढत विचारलं, म्हणजे ते सहज वाटेल.

“पुस्तकातलं?” तिने चष्मा कपाळावर सरकवला. “चारी बाजूंनी बंद ठेवलेल्या बाजारात कुणी कारखाना काढला, तर त्याला चांगलं बनवायची गरज नसते. जे बनवेल ते खपतं. बाजार उघडला की त्याला जगाच्या तोडीचं बनवावं लागतं, मग तो शिकतो, त्याच्याबरोबरचे शिकतात, खरी वाढ तिथे होते. पण त्याच्याबरोबरच्यांना शिकायला वेळ मिळाला पाहिजे. नाहीतर कारखाना वाढतो आणि गाव होतं तिथेच राहतं. किंवा मागे जातं.”

“तो वेळ कोण देतं?”

“ते पुस्तकात नाही.” ती पुन्हा गठ्ठ्याकडे वळली, मग थांबली. “का रे? मामांचं काही आहे का?”

“छे. सहज.”

पुढच्या सोमवारी दीडवाक्यांसमोर तो बारा फॉर्म घेऊन बसला. खिडकीतून नव्या शेडचे खांब दिसत होते. रबर जागी आवळून धरणारी तारेची पकड, प्लास्टिकची बटणं, पाण्याची नळी, एकेक फॉर्म उलटत गेला. तारेच्या पकडीवाल्याला त्याने मुदत द्या म्हटलं, दीडवाक्यांनी न बघता सही केली. नळीवाल्याला कितीही महिने दिले तरी जमणार नव्हतं, तिथे नाही. सातवा फॉर्म दाराच्या रबराचा होता. दीडवाक्यांनी तो वाचला, तपासणीवाल्या बाईंची टीप वाचली, आणि पहिल्यांदाच मान वर केली. त्यांना नातं माहीत होतं. “हे तीन महिन्यांत करू शकतील असं दिसतंय,” ते म्हणाले. “तुम्ही शिफारस केलीत तर मी—”

उरलेलं वाक्य समोर पडलं होतं. नुसतं उचलायचं होतं.

“नको, साहेब,” तो म्हणाला. “होणार नाही त्यांच्याकडून.”

आवाज स्वच्छ निघाला, घोगरा नाही की कापरा नाही. दीडवाक्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, त्या पाहण्यात थोडा आदरही असावा: नात्याला भीक न घालणारा माणूस. ‘नाही’समोर खूण झाली, खाली त्याची सही. आठवा फॉर्म वर आला. तो उरलेल्या पाचही फॉर्मांवर नीट बोलला, एका ठिकाणी आकड्यातली चूकही दाखवून दिली. मग खाली आला, हात धुतले, आरशात पाहिलं. तोंड रोजचंच होतं. कॅन्टीनमध्ये त्याला अशी भूक लागली की त्याने दोनदा वाढून घेतलं. अंगात हलकेपणा होता, ताप उतरल्यावर येतो तसा. तो चांगला तासभर टिकला. मग तो टेबलाशी बसला असताना मनाने आपणहून कारणं आणून द्यायला सुरुवात केली. नात्यातला म्हणून झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणू नये. मामाचं वय झालंय, आता कुठे नवं शिकणार. नऊ माणसांना तीन महिने आशा लावायची आणि मग तोडायची, त्यापेक्षा आत्ताच बरं. प्रत्येक कारण खरं होतं. नखाने वाजवून पाहिलं तर प्रत्येक खणखणीत वाजत होतं. पण फॉर्म समोर आला तेव्हा यातलं एकही त्याच्या मनात नव्हतं. तेव्हा मनात काय होतं? त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. काहीच नव्हतं. फक्त एक जागा होती, छातीच्या मधोमध, तीस वर्षं आवळून धरलेली, आणि ‘नको’ म्हणताना ती सुटली होती.

सांगायला तो स्वतः गेला. पत्र जाणारच होतं, पण पत्राआधी आपण जावं असं त्याला वाटलं. की मामाचं तोंड बघावं असं वाटलं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. शेडमध्ये तिन्ही प्रेस चालू होते. कात्रीबाई पायरीवर बसून रिंगांच्या कडेला आलेली रबराची पातळ झालर वाकड्या कात्रीने कापत होत्या. वीस वर्षं तेच काम, म्हणून ते नाव, आणि त्या बोलताना रिंगेकडे बघतसुद्धा नसत. “या साहेब,” त्या म्हणाल्या. “आज आमच्या गरिबाघरी कुठे?” मामा हात पुसत आला. केस पांढरे, दंडावर प्रेसच्या चटक्यांचे डाग, आणि तो हसू लागला की डोळे पार मिटायचे. “जेवलास का?” त्याने पहिलं हे विचारलं.

त्याने सांगितलं. शुल्क, करार, बाहेरची अट, अकरा हजार आठशे. एकेक गोष्ट क्रमाने. मामा ऐकत राहिला, मान हलवत, जसं त्या उंच इंजिनियरचं ऐकायचा. मग म्हणाला, “काय चुकतंय ते कळलं का?”

“भुकटी जास्त. आणि शिजायला वेळ कमी.”

“मग हे तर जमेल.” मामाने प्रेसकडे पाहिलं, बोटांनी हवेत काहीतरी मोजलं. “दोन-तीन महिने लागतील. तेवढे देतात का बघ.”

मामाने त्याच्याकडे काहीतरी मागितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. हा क्षण कधीतरी येईल असं तो लहानपणी उशीत तोंड खुपसून रंगवायचा, आणि त्यात तो दरवेळी उदार व्हायचा. इतकं उशिरा आणि इतकं सहज आलं ते, पाणी मागावं तसं. आत्ता परत जाऊन फॉर्म बदलता आला असता. दीडवाक्ये कुरकुरले असते, पण त्यांनी बदलला असता. प्रेस उघडला, वाफेचा भपकारा आला.

“मी मागितले तीन महिने,” तो म्हणाला. “खूप सांगितलं त्यांना. नाही म्हणाले.”

कात्री थांबली होती. मग मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जड, गरम. “बरं,” तो म्हणाला. “तुला त्रास झाला असेल त्यांच्याशी वाद घालताना. माझ्यापायी तुझी नोकरी नको धोक्यात यायला हं.” आणि वळून मोठ्याने म्हणाला, “चला, बाई, उरलेली ऑर्डर तर नीट जाऊ द्या!”

नंतरचं वर्ष कंपनीला फार चांगलं गेलं. नवी शेड उघडली, मंत्री आले, त्यांनी भाषणात सांगितलं की परदेशातून आलेली गुंतवणूक दुप्पट झाली आणि ही तर सुरुवात आहे. ते खोटं नव्हतं. बसेस भरून मुली कामाला येऊ लागल्या, बायकोच्या मावसबहिणीला तिथेच नोकरी लागली, बंदराकडे जाणारा रस्ता रुंद झाला. मामाने चपलांचे तळवे पुन्हा करून पाहिले. पण आता चपलाही बाहेरून येत होत्या, हलक्या, रंगीत, आणि दुकानदारांनी त्याचा माल हातात घेऊन फक्त वजन केल्यासारखं केलं. चार महिन्यांनी पहिला प्रेस भंगारात गेला, मग उरलेले दोन्ही एकाच दिवशी. क्रेन शेडच्या दारातून शिरेना, म्हणून शेडची पुढची भिंत पाडावी लागली. तो गेला होता तेव्हा. मामा सगळ्यांना सांभाळून, सांभाळून म्हणत होता, जणू यंत्रं कुठे तरी कामाला निघाली होती. नऊ माणसांपैकी दोघं शहर सोडून गेले, एक दारूला लागला, कात्रीबाईंना त्यानेच दीडवाक्यांकडे शब्द टाकून नव्या शेडमध्ये लावून दिलं. बाहेरून येणाऱ्या रबराच्या खोक्यांवर त्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. कॅन्टीनमध्ये एकदा समोर आल्या आणि म्हणाल्या, “हात रिकामे वाटतात हो साहेब.” मग स्वतःच हसल्या. “पण पाठ दुखत नाही आता. खोटं कशाला बोलू.”

मामीने एकदा फोनवर सांगितलं की हे दिवसभर घरातल्या नळांचे वायसर बदलत बसतात. गळणारे दोन होते ते झाले. आता न गळणाऱ्या नळांचे बदलतात. शेजाऱ्यांचे झाले, समोरच्या गॅरेजवाल्याचे झाले. “काल संडासातल्या नळाचा तिसऱ्यांदा बदलला,” मामी म्हणाली. तो हसला. पलीकडे मामी हसली नव्हती, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

आणि मग तारेच्या पकडीवाला. तो, ज्याला मुदत मिळाली होती. तीन महिन्यांत त्याने धडपडत, चिडत, माणसं बदलत ती पकड बाहेरच्या अटीत बसवली होती, आणि आता कंपनीच्या बाकीच्या कारखान्यांनाही तोच पुरवत होता. त्याने जागा वाढवली होती, चाळीस माणसं ठेवली होती. पेपरात फोटो आला. दीडवाक्यांनी कॉरिडॉरमध्ये त्याला थांबवलं, हातात तो पेपर होता. “तुमची शिफारस बरोबर निघाली,” ते म्हणाले. “खरं म्हणजे त्या रबरवाल्यांनाही—” आणि ते पुढे गेले. तो भिंतीला टेकून उभा राहिला. इतके दिवस त्याच्यापाशी एक शेवटचा आडोसा होता: करार झाला, दारं उघडली, लाट आली, लाटेपुढे कुणाचं चालतं? पण लाट तर पकडीवाल्याच्याही दारात आली होती. ती त्याला वर घेऊन गेली. मामाच्या आणि पकडीवाल्याच्या मध्ये देश नव्हता, सरकार नव्हतं, कंपनी नव्हती. एक रकाना होता आणि एक पेन होतं. तो तिथे किती वेळ उभा होता कोण जाणे. फरशी पुसणारा माणूस येऊन “पाय उचला साहेब” म्हणाला तेव्हा त्याने आधी एक पाय उचलला, मग दुसरा.

त्यानंतर झोपेत नाही पण जेवताना, दाढी करताना, बायको बोलत असताना मध्येच, त्याला मामाचा खांद्यावरचा हात जाणवू लागला. तसाच जड, तसाच गरम. डॉक्टरला तो खांदा दुखतो म्हणाला, डॉक्टरने मलम दिलं. आईवर झालेल्या कसल्या तरी अन्यायाचं आपण काहीतरी केलं असं त्याला वाटायला हवं होतं. पण आई आठवली की ती घाबरून आतल्या खोलीकडे बघताना दिसायची, हा काय करून बसला अशा तोंडाने. तिचा तर मामावर जीव होता. तिने कधी काही सोसलंय असं तिला तरी वाटलं होतं का? की ते सगळं त्या पुस्तक धरून बसलेल्या, कान तापलेल्या नऊ वर्षांच्या पोराने स्वतःच रचलं होतं? विचारायला ती नव्हती.

एका रविवारी दुपारी तो गेला. पाडलेल्या भिंतीच्या जागी पत्रे लावले होते. वर मामा पलंगावर बसून पाय हलवत होता, मामी आत काहीतरी निवडत होती. त्याने चपला काढल्या आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसलो तर बोलणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

“मामा, मी मुदत मागितली नव्हती.”

“कसली मुदत?”

“तीन महिन्यांची. साहेब द्यायला तयार होते. त्यांनी स्वतः विचारलं मला. मी नको म्हणालो. आणि तुम्हाला येऊन खोटं सांगितलं.”

मामाचे पाय थांबले. आतला सुपाचा आवाजही थांबला. मामाने त्याच्याकडे पाहिलं, आणि मामाच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं त्यासाठी भाचा तयार नव्हता. तो कळवळा होता.

“वेडा आहेस का तू?” मामा म्हणाला. “वर्षभर हे मनात घेऊन बसलास? अरे, तुझ्या हातात काय होतं? एवढ्या मोठ्या कंपनीपुढे तू कोण आणि मी कोण? उगाच स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. तुझी आईही अशीच. काही झालं की माझंच चुकलं.”

“मामा, माझ्या हातात होतं. मी सही केली.”

“सही करायलाच लावतात रे. बस. पाणी पी.” मामाने पलंगावर जागा करून दिली. “किती वाळलायस. अगं ऐकलंस का, हा काय म्हणतोय बघ, म्हणे मी मुद्दाम केलं!” आणि तो हसू लागला, डोळे मिटेपर्यंत.

मामी दारात उभी होती. ती हसत नव्हती. तिने एकदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिला कळलं आहे हे त्याला कळलं. तिने पाणी दिलं. चहा केला, त्याला दिला. हवापाण्याचं बोलणं झालं. तो निघाला तेव्हा ती जिन्यापर्यंत आली, दार मागे ओढून घेतलं.

“हे त्यांना परत कधी सांगू नकोस,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “माझा भाचा माझ्यासाठी भांडला, असं सगळ्यांना सांगत असतात. दिवसातून एकदा तरी. त्यांच्यापाशी आता तेवढंच आहे.”

“मामी—”

“येत जा रविवारी. नाही आलास तर विचारतात.” आणि ती आत गेली.

पुढच्या रविवारी तो गेला. समोरचा गॅरेजवाला काहीतरी विचारायला वर आलेला होता. मामा त्याला सांगत होता, हाताने हवेत मोठ्या साहेबांचं टेबल आखत होता: हा असा त्यांच्या समोर उभा राहिला, म्हणाला तीन महिने द्यावेच लागतील, एक तास भांडला, नोकरीची पर्वा केली नाही. मामी खिडकीतून बाहेर बघत होती.

“काय रे, खरं ना?” मामाने विचारलं.

“हो,” तो म्हणाला.